बरणीतला लांडगा कोळी: एका फिरत्या संदेशाला उत्तर

सोयाबीन गुडघ्याला लागले आणि डवरणी-निंदणाची गर्दी सुरू झाली की विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. सोबत पाठीवर पिल्लांचा थर वाहणाऱ्या करड्या-तपकिरी कोळ्याचे छायाचित्र असते आणि मजकूर साधारण असा असतो: हा ‘लांडगा कोळी’ नागापेक्षा विषारी आहे, त्याच्या दंशाने मांस सडते आणि माणूस दिवसभरात दगावतो, आसामात असे दोघे मेले आहेत, तो टोळीने फिरतो आणि माणसाचा पाठलाग करतो, त्याची पिल्ले आईला खाऊन मोठी होतात आणि माणसाच्या अंगावर चढली तर कातडीत शिरतात, काही शिक्षक आणि मुले हा कोळी बरणीत पाळतात, पण तो रात्री बाहेर पडून घरभर जाळी विणतो आणि एका मादीपासून सारे घर भरते, त्याला पाळणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, म्हणून तो दिसताच ठेचा, घराभोवती आणि धुऱ्यावर कीटकनाशक मारा, आणि चावलाच तर जागा घट्ट बांधून ब्लेडने चीर द्या. शेवटी ‘किमान दहा गटांवर पाठवा’ ही विनंती असतेच.

या मजकुरातले थोडे मान्य करण्यासारखे आहे. कोळ्याला विष असते, दाबला गेला तर तो चावतो, आणि लहान मुलाच्या तळहातावर त्याला खेळवू नये, याबद्दल वाद नाही. उरलेल्या दाव्यांपैकी काही निव्वळ चुकीचे आहेत आणि काहींवर विश्वास ठेवल्यास माणसाचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे ते एकेक करून तपासले पाहिजेत.

सर्वांत वजनदार दावा विषाचा आहे. लांडगा कोळी ही एकच जात नव्हे. लायकोसिडी नावाच्या या कुळात जगभर २,४०० हून अधिक जाती आहेत आणि अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर त्या सापडतात. त्यांचे विष पकडलेल्या किड्याला लुळे पाडण्यासाठी असते. माणसावर त्याचा काय परिणाम होतो हे ठरवायचे तर ज्यांना हा कोळी खरोखर चावला त्यांच्या नोंदी पाहाव्या लागतात, आणि अशा नोंदी आहेत. ब्राझीलमधील साओ पावलो येथे लांडगा कोळ्याच्या दंशाच्या ५१५ रुग्णांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला; बहुतेक दंश हातापायांवर होते, रुग्णांना वेदना होती, काहींना सूज आणि लाली आली, पण मांस सडल्याचा एकही रुग्ण आढळला नाही. ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ दंश तपासले गेले आणि त्यांत चावलेला कोळी तज्ज्ञांकडून ओळखून घेण्याची अट होती, जे अशा अभ्यासांत फार महत्त्वाचे असते, कारण ‘कोळी चावला’ असे सांगणाऱ्या अनेकांनी कोळी पाहिलेलाच नसतो. तिथेही सर्वांना वेदना झाली, थोड्या जणांना मळमळ किंवा डोकेदुखी झाली, वेदना बहुधा काही मिनिटांत ओसरली, आणि सडणारी जखम एकालाही झाली नाही. नागाच्या शेजारी हा प्राणी बसवण्याला कोणताही आधार उरत नाही.

मग मांस सडण्याची गोष्ट आली कुठून? तिचा उगम सापडतो, आणि तोही ब्राझीलमध्येच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या डॉक्टरांनी कातडी काळी पडून होणाऱ्या जखमांचे खापर लांडगा कोळ्यावर फोडले, त्याच्या विषावर प्रतिविषही तयार केले आणि ते अनेक दशके वापरात राहिले. पुढे लक्षात आले की अशा जखमा करणारा कोळी वेगळाच आहे: लॉक्सोसेलिस नावाचा, घरातील कपड्यांत आणि फटींत दडणारा लहानसा कोळी. लांडगा कोळ्यावरचे प्रतिविष बंद झाले, पण निर्दोष सुटलेल्या आरोपीची बदनामी पुस्तकांतून, मग संगणकावरून आणि आता मोबाइलवरून फिरतच राहिली. या कुळाच्या नशिबी अशी बदनामी नवीन नाही. इटलीतील टारांटो शहराच्या परिसरात याच कुळातला एक कोळी चावला की माणूस वेड्यासारखा नाचत सुटतो, असे शतकानुशतके मानले जात होते. त्या शहरावरून त्याला टॅरंट्युला हे नाव पडले आणि नंतर ते नाव भलत्याच, केसाळ आणि मोठ्या कोळ्यांना चिकटले.

नेमका हाच घोळ आसामच्या उदाहरणात आहे. २०१२ च्या मे-जूनमध्ये तिनसुकिया जिल्ह्यातील सदिया भागात कोळी चावल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या आणि दोन मृत्यूंची बातमी देशभर झाली, हे खरे आहे. परंतु तिथे चर्चेत असलेला कोळी टॅरंट्युलासारख्या केसाळ, बिळात राहणाऱ्या गटातला होता. लांडगा कोळी नव्हता. मृत्यू पावलेल्या दोघांनाही आधी ओझांकडे, म्हणजे मांत्रिकांकडे, नेले होते, तिथे दंशाची जागा ब्लेडने चिरून रक्त वाहू दिले गेले, आणि पुढे शवविच्छेदन झाले नाही. त्यामुळे ते मृत्यू कोळ्याच्या विषाने झाले, हे कधीच सिद्ध झालेले नाही. संदेश लिहिणाऱ्याने या घटनेतून कोळ्याची भीती उचलली आणि ब्लेडचा उपाय तसाच ठेवला. त्या घटनेतून शिकण्यासारखे काही असेल तर ते याच्या बरोबर उलट आहे.

इथे थोडे थांबून आपल्या भागाकडे पाहणे आवश्यक आहे, कारण ‘कोळी चावला’ हे निदान विदर्भात दोन खऱ्या धोक्यांना झाकून टाकते. पहिला धोका मण्यारचा. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाच्या जागी फारशी वेदना किंवा सूज नसते आणि दातांच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. नाग चावला तर घरात कोणीतरी ‘पान लागलं’ म्हणून ओरडते आणि गाडी काढली जाते. मण्यारच्या बाबतीत मात्र ‘काहीतरी किडा, कोळी चावला असेल’ म्हणून चुना लावून पुन्हा झोपण्याची शक्यता मोठी असते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातले बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले आहेत. मण्यारच्या विषावर चालणारे प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मिळते, पण रुग्ण वेळेत पोहोचला तरच त्याचा उपयोग होतो. रात्री झोपेत काही चावल्यासारखे वाटले आणि कोळी प्रत्यक्ष पाहिलेला नसेल, तर साप गृहीत धरून दवाखान्यात जावे.

दुसरा धोका स्क्रब टायफसचा. गवतात राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म माइटची (गोचिडीसारख्या जीवाची) अळी चावते, आठवड्या-दीड आठवड्याने सणकून ताप येतो आणि काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली एक काळी खपली दिसते, जी दुखत नाही. ती खपली हुबेहूब संदेशातल्या ‘सडलेल्या मांसा’सारखी दिसते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात या आजाराने अनेकांचे बळी घेतले. डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने तो बरा होतो. अट एवढीच की डॉक्टरला खपली दाखवली पाहिजे आणि गवत कापायला गेल्याचे सांगितले पाहिजे. ‘कोळ्याने चावले, त्याचा व्रण आहे’ असे सांगून घरी लेप लावत बसलेल्या रुग्णाचे मूत्रपिंड किंवा फुप्फुस निकामी होऊ शकते. न भरणाऱ्या जखमेमागे मधुमेह किंवा जिवाणूंचा संसर्गही असू शकतो, आणि तेही तपासणीशिवाय कळत नाही.

लांडगा कोळी खरोखरच चावला, डोळ्यांदेखत चावला, तर जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची घडी ठेवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन बऱ्याच वर्षांत घेतले नसेल तर ते घ्यावे. घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा तुटतो आणि चिरल्याने जंतुसंसर्ग होतो. हे दोन्ही उपाय सर्पदंशातसुद्धा चुकीचे ठरलेले आहेत.

टोळीने फिरण्याचा आणि पाठलाग करण्याचा दावा तुलनेने लवकर निकालात निघतो. लांडगा कोळी एकटा राहतो आणि एकटा शिकार करतो. दोघांची गाठ पडली तर अनेकदा मोठा लहानाला खातो, आणि मीलनाच्या वेळी नरालाही जपून वागावे लागते. मात्र ही समजूत कशी झाली असावी, याचा अंदाज रात्री जागलीला जाणाऱ्या कोणालाही येईल. बॅटरी कपाळाजवळ धरून धुऱ्याच्या गवतावर प्रकाश टाकला तर हिरवट चमकणारे असंख्य बिंदू दिसतात. त्यातले काही दवाचे थेंब असतात आणि बाकीचे या कोळ्यांचे डोळे. त्यांना आठ डोळे असतात: खाली चार लहान एका रांगेत, त्यांच्या वर दोन मोठे, आणि त्याहून मागे दोन मध्यम. डोळ्यांच्या आत प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे ते मांजरीच्या डोळ्यांसारखे चमकतात. एका धुऱ्यावर इतके डोळे एकदम दिसले की टोळी वाटणे समजण्यासारखे आहे, पण प्रत्येक जण आपापल्या ढेकळाखाली स्वतंत्र असतो. माणसाचे पाऊल जवळ पडले की जमिनीच्या कंपनांवरून त्याला ते कळते आणि तो आधी थिजतो, मग पळतो. पळण्याची दिशा कधी आपल्या पायाकडेही असू शकते. यालाच पाठलाग म्हणायचे असेल तर गोष्ट वेगळी.

पिल्लांविषयीचे दोन्ही दावे अधिक खेदजनक आहेत, कारण त्यांनी कोळ्यांच्या जगातील एका विलक्षण गोष्टीला किळसवाणे रूप दिले आहे. लांडगा कोळ्याची मादी अंडी रेशमी धाग्यांच्या गोल पिशवीत बंद करते आणि ती पिशवी पोटाच्या टोकाला, धागा सोडणाऱ्या अवयवांना चिकटवून सगळीकडे सोबत नेते. बिळात राहणाऱ्या काही जातींच्या माद्या बिळाच्या तोंडाशी येऊन पिशवी उन्हात धरतात. पिशवी काढून घेतली तर त्या ती शोधत राहतात, आणि दुसऱ्या मादीची पिशवी समोर ठेवली तर तीही स्वीकारतात. पिल्ले तयार झाली की मादी पिशवीची शिवण दातांनी उसवते. पिल्ले तिच्या पायांवरून पाठीवर चढतात, तिथल्या गाठदार टोकांच्या केसांना धरून बसतात आणि साधारण आठवडाभर किंवा त्याहून थोडे अधिक दिवस तिच्यासोबत फिरतात. या काळात ती शिल्लक राहिलेल्या बलकावर जगतात. आईचे रक्त पिणे किंवा तिला खाणे यांपैकी काहीही घडत नाही.

आईला खाणारी पिल्ले मात्र काही कोळ्यांत खरोखरच असतात. बाभळी-बोरीच्या काटेरी फांद्यांवर धुळीने माखलेल्या कापडासारखी जी दाट सामाईक जाळी दिसतात, ती करणाऱ्या स्टेगोडायफस या समूहप्रिय कोळ्यांत पिल्ले अखेरीस आईला खातात, आणि हे कोळी शिकारही एकत्र करतात. टोळीचा आणि मातृभक्षणाचा असे दोन्ही दावे मुळात या कोळ्यांचे दिसतात. छायाचित्र एकाचे, वर्तन दुसऱ्याचे, जखम तिसऱ्याची आणि मृत्यू चौथ्याच्या नावावरचा, अशी या संदेशाची बांधणी आहे. इंटरनेटवर हा प्रकार जुना आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत शौचालयाच्या आसनाखाली लपणाऱ्या प्राणघातक कोळ्याविषयी ई-मेल फिरला होता. त्यातली जात काल्पनिक होती, तरी नंतरच्या वर्षांत त्याच मजकुराला आशियातल्या एका निरुपद्रवी उड्या मारणाऱ्या कोळ्याचे नाव जोडून तो पुन्हा पाठवला गेला.

कातडीत शिरण्याबाबत एकच वाक्य पुरे: माणसाच्या कातडीत बोगदे करून राहणारा आठ पायांचा प्राणी आहे, तो खरजेचा सूक्ष्म माइट, आणि त्याचा कोळ्याच्या पिल्लांशी काहीही संबंध नाही.

आता बरणीकडे वळू, कारण संदेशातला राग मुख्यतः तिच्यावर आहे. खेड्यातल्या शाळेत सूक्ष्मदर्शक असतोच असे नाही, पण रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी प्रत्येक घरात असते, आणि एखादा शिक्षक मुलांसोबत तिच्यात कोळी ठेवून निरीक्षण करत असेल तर त्याला प्रोत्साहन मिळायला हवे. बरणीतून घरभर जाळी होण्याची भीती निराधार आहे. या कुळातले बहुसंख्य कोळी शिकारीसाठी जाळे विणतच नाहीत. अपवाद हिप्पासा या गटाचा. ऐन हिवाळ्याच्या सुरुवातीला धुऱ्यावर आणि कडेच्या गवतात दवाने पांढरी झालेली, एका कोपऱ्यात नळीसारखा बोगदा असलेली जी चादरीसारखी जाळी दिसतात, ती बऱ्याचदा त्यांची असतात, आणि ती जमिनीलगतच असतात. घराच्या आढ्याला लोंबणारी जळमटे काडीसारख्या पायांच्या दुसऱ्याच कोळ्यांची. शिवाय बहुतेक मोठ्या लांडगा कोळ्यांना गुळगुळीत उभ्या भिंतीवरून नीट चढता येत नाही, त्यामुळे झाकण लावलेल्या बरणीतून त्यांचे पलायन कठीण आहे.

‘एका मादीपासून घर भरते’ हा दावा मात्र अर्धवट माहितीवर उभा आहे. एका पिशवीतून शंभरच्या आसपास किंवा अधिक पिल्ले निघू शकतात आणि ती इतकी बारीक असतात की झाकणाच्या छिद्रांतून सहज बाहेर पडतात. पण पक्क्या घराच्या कोरड्या फरशीवर त्यांना ना पुरेसा ओलावा मिळतो ना योग्य आकाराचे भक्ष्य. ती एकमेकांना खातात, सुकून मरतात किंवा वाऱ्यावर धागा सोडून बाहेर उडून जातात. घराला धोका नाही, पण पिल्लांचा जीव जातो. म्हणून पिशवी किंवा पिल्ले वाहणारी मादी मुळात पकडूच नये, आणि बरणीतल्या मादीने पिशवी केली तर जिथून आणली त्याच धुऱ्यावर संध्याकाळी तिला सोडून यावे. पाळण्यावर आक्षेप घ्यायचाच असेल तर तो कोळ्याच्या बाजूने घेता येतो, आणि तो संदेशातल्या आक्षेपापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

कारण हा कोळी माणसाला त्रास देण्याआधी माणसाच्या अज्ञानाने मरतो. उंच बरणीपेक्षा आडवी, पसरट जागा त्याला हवी असते. तळाशी चार बोटे माती हवी, म्हणजे त्याला उकरता येते, आणि ती फवारणी न झालेल्या पडीक जागेतली हवी. आडोशाला सालीचा किंवा फुटक्या कवेलूचा तुकडा आणि बाटलीच्या झाकणात पाणी, त्यात दोन-चार खडे, एवढे पुरते. भुकेला तो आठवडे काढू शकतो. पाण्यावाचून, विशेषतः आपल्या कोरड्या हवेत, फार लवकर जातो. आठवड्यातून एक-दोनदा त्याच्यापेक्षा लहान नाकतोडा किंवा रातकिडा द्यावा. घरात फवारा मारून मेलेले किंवा लटपटणारे झुरळ टाकले तर कोळीही मरतो, आणि ही चूक सर्रास होते. कात टाकण्याआधी तो खाणे सोडतो. तेव्हा जिवंत रातकिडा आत ठेवला तर मऊ कातडीच्या कोळ्यालाच तो कुरतडू शकतो. एका बरणीत दोन कोळी ठेवू नयेत, याचे कारण वर आलेच आहे. उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी: चंद्रपूर-अकोल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत बंद बरणी ठेवणे म्हणजे आतला जीव भाजणे आहे. मुलांना दाखवण्यासाठी पावसाळ्यानंतरचे काही आठवडे योग्य, मार्च संपण्याआधी त्याची सुटका व्हावी.

हाताळण्याचा प्रश्नच येऊ नये. तो लाजाळू आणि अतिशय चपळ आहे, माणसाच्या स्पर्शाला सरावत नाही, आणि हातावरून उडी मारून फरशीवर पडला तर त्याचे पोट फुटू शकते. जागा बदलायची तर वरून पेला झाकावा आणि खालून पुठ्ठा सरकवावा. आयुष्यही लहान असते, बहुतेक जातींत वर्ष-दोन वर्षांचे, आणि नर तर मीलनाच्या हंगामानंतर लवकरच मरतो. तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांची टोके फुगलेली दिसली की तो प्रौढ नर समजावा. त्याला बरणीत कोंडून शेवटचे आठवडे वाया घालवण्यात अर्थ नाही.

या संदेशाला उत्तर म्हणून काही उत्साही तरुण दुसरे टोक गाठतात आणि लांडगा कोळी पाळल्यास घरातील डास संपतील असे लिहितात. बरणीतला कोळी बरणीबाहेरचा डास खाऊ शकत नाही, आणि मोकळा सोडला तरी तो जमिनीवरचा शिकारी आहे. डासांसाठी साचलेले पाणी उपसावे आणि मच्छरदाणी लावावी. भीतीला खोट्या उपयुक्ततेने उत्तर देण्याची गरज नाही.

तुरुंगवासाच्या दाव्यात एक धागा खरा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत लांडगा कोळ्यांचा समावेश नाही, तेव्हा स्वतःच्या वावरातला कोळी काही आठवडे बरणीत ठेवणे हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. झाडांवर राहणाऱ्या पोसिलोथेरिया या देखण्या टॅरंट्युलांचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे, आणि बहुधा त्याच बातमीचे हे विकृत रूप असावे. परंतु अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांच्या हद्दीतून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव बाहेर नेता येत नाही, मग तो अनुसूचीत असो वा नसो. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा किंवा टिपेश्वरला सहलीला गेलेल्या मुलांनी तिथला कोळी डब्यात घालून आणू नये, ही सूचना शिक्षकांनी निघण्याआधीच द्यावी.

राहता राहिला फवारणीचा सल्ला. लांडगा कोळी पिकाचे पान, फूल, बोंड यांपैकी काहीही खात नाही. तो खातो ते किडे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानाच्या बांध्यांत पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा ही या कुळातली जात तपकिरी तुडतुड्यांचा महत्त्वाचा शत्रू मानली जाते, आणि एक कोळी दिवसाला ५ ते १५ किडे खातो असे भातशेतीच्या मार्गदर्शिकांत दिलेले असते. आशियाभर १९७० च्या दशकात जो अनुभव आला तो असा की सरसकट सर्व किडे मारणारी औषधे वापरल्यावर आधी कोळी मेले, तुडतुड्यांची अंडी धानाच्या खोडात सुरक्षित राहिली आणि मग तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त वाढले. पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या वावरात धुऱ्यावरचे गवत हे या शिकाऱ्यांचे आश्रयस्थान असते. पिकावर फवारा बसला तरी तिथून ते पुन्हा आत येतात. संदेश नेमका त्याच धुऱ्यावर फवारायला सांगतो.

आणि फवारणी म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्याला सांगावे लागत नाही. २०१७ च्या हंगामात उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या त्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले आणि काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला. ज्या कोळ्याच्या दंशाने माणूस मेल्याची एकही खात्रीची नोंद नाही, त्याला मारण्यासाठी घराच्या उंबऱ्याभोवती, जिथे लेकरे रांगतात आणि कोंबड्या दाणे टिपतात तिथे, पाठीवर पंप घेऊन फिरायला हा संदेश सांगतो. कोणते औषध, किती पाण्यात किती, हातमोजे आणि तोंडाला फडके लागेल का, वाऱ्याची दिशा पाहावी का, यातला एक शब्दही त्यात नाही. फक्त ‘मारा’ एवढेच लिहिलेले आहे.